किम भगिनी आणि उसनी भाषा

कोरियन गायकवृंदांच्या परदेशांतील यशासंबंधी हल्ली पुष्कळ लिहिले जाते. मात्र हा सारा प्रकार जणू काल-परवाच सुरू झाला, असे त्या लेखनात गृहीत धरलेले असते. आम्हांस ते मान्य नाही. १९५९ साली ‘किम सिस्टर्स’ या नावाने तीन तरुणी अमेरिकेत लास वेगास येथे दाखल झाल्या, तेव्हाच या प्रश्नास तोंड फुटले होते.

सू आणि आयजा या सख्ख्या बहिणी. मिया ही त्यांची मामेबहीण. आई ली नान-यंग ही १९३५ च्या ‘मोक्पोचे अश्रू’ या गीताने कोरियाभर गाजलेली गायिका. कोरियन युद्धात पती गमावल्यावर तिने मुलींना अमेरिकन शिपायांपुढे गाण्यासाठी तयार केले. इंग्रजी येत नसता त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्यांचे शब्द घोकले. मोबदल्यात मिळालेल्या दारूच्या बाटल्या देऊन अन्न मिळवावयाचे, असा तो संसार होता.

अर्थ न कळता गाणे म्हणजे पोपटपंची, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याला उसन्या भाषेवर निर्वाह करावा लागतो, त्याला आपले कसब अन्यत्र सिद्ध करावे लागते. परप्रांतात ज्यांचा दिवस दुसऱ्याच भाषेत जातो, त्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. या भगिनींनी ते वाद्यांत सिद्ध केले. सॅक्सोफोन, बँजो, ड्रम अशी दहाहून अधिक वाद्ये त्या वाजवीत. एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात त्यांना वीसहून अधिक वेळा पाचारण झाले, ते काही केवळ नवलाईपोटी नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो त्यांच्यावर नाही. लास वेगासच्या थंडरबर्ड हॉटेलात ज्या कार्यक्रमात त्या प्रथम उभ्या राहिल्या, त्याचे नाव होते ‘चायना डॉल’. कोरियन मुली, चिनी नाव आणि बहुधा अमेरिकन गाणी! त्यांच्या कलेला दाद मिळाली खरी, पण त्यांच्या देशाचे नाव घेण्याची गरज त्या फलकास वाटली नाही.

बीटीएस या सात तरुणांच्या वृंदाचे ‘डायनामाइट’ हे गीत २०२० च्या सप्टेंबरात बिलबोर्डच्या गीतसूचीत पहिले आले. ते सर्वस्वी इंग्रजीत होते, आणि लिहिले होते वृंदाबाहेरच्यांनी. गीत चटकदार आहे. याहून अधिक त्याविषयी आम्हांस लिहावेसे वाटत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बहुतांशी कोरियन भाषेतले ‘लाइफ गोज ऑन’ त्याच स्थानी पोहोचले, ही घटना मात्र आम्ही फार मोठी मानतो. शीर्षक इंग्रजीच आहे, हे खरे. हे यश मुख्यतः चाहत्यांच्या खरेदीचे होते, हेही खरे. अमेरिकन आकाशवाणी केंद्रांनी ते गीत अत्यल्प वाजविले. पण परदेशांतील मैफलींत ते चाहते कोरियन ओळी गायकांबरोबर तोंडपाठ म्हणतात, आणि त्यांतील कित्येकांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो.