अधोरेषा, रंगपट्टी आणि देवनागरी : अक्षरजुळणी प्रणालीतील भरदर्शक चिन्हांची चिकित्सा

प्रस्तावना

मुद्रित मजकुरातील शब्दावर भर देण्यासाठी त्याखाली रेषा ओढावी की ओढू नये, हा वाद रोमन लिपीच्या मुद्रणकलेत जवळजवळ निकालात निघालेला आहे. टंकलेखन यंत्रावर तिरपा ठसा नसे. म्हणून टंकलेखक शब्दाखाली रेषा ओढत असे आणि छापखान्यातील जुळारी त्या रेषेचा अर्थ ‘हा शब्द तिरप्या ठशात जुळवावा’ असा घेत असे. अर्थात रेषा ही छापावयाची वस्तू नव्हती, जुळाऱ्याला दिलेली ती सूचना होती. छापील पानावर तिला स्थान नाही, असे रोमन मुद्रणाचे जाणकार म्हणतात ते याच कारणाने.

देवनागरीची स्थिती वेगळी आहे. तिरपा ठसा हा या लिपीच्या परंपरेतून आलेला नाही. संगणकावर अक्षरे यांत्रिक रीतीने कलती केली म्हणजे शिरोरेषा तशीच आडवी राहते आणि उभे काने मात्र पडू लागतात. अक्षरांत अंतर सोडून भर द्यावा तर शिरोरेषाच तुटते. उरतात ती ठळक ठसा, अवतरणचिन्हे आणि अधोरेषा ही तीन साधने. प्रबंधांतून, परिपत्रकांतून आणि ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ असे सांगणाऱ्या प्रत्येक व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेतून अधोरेषा आजही वावरते आहे. म्हणून टेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या कुटुंबात अधोरेषा आणि रंगपट्टी यांना आकार देण्याची जी साधने निर्माण झाली, ती देवनागरीच्या कसोटीवर कितपत उतरतात, याची चिकित्सा करणे हा सदर लेखाचा हेतू आहे.

रेषेची जागा कोण ठरवते?

डोनाल्ड कनूथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७७ साली टेकच्या रचनेस प्रारंभ केला, तो स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून आलेल्या असमाधानातून. गणिताच्या जुळणीत या प्रणालीने जी उंची गाठली, तिच्या तुलनेत अधोरेषेचा विचार तीत अगदी जुजबी आहे. मूळ टेकमधील ‘अंडरबार’ ही आज्ञा शब्दाची खोली शून्य मानते आणि आधाररेषेखाली ठरावीक अंतरावर रेषा ओढते. लाटेकमधील ‘अंडरलाइन’ नेमके उलट करते. ती शब्दाची प्रत्यक्ष खोली मोजते आणि त्याच्याही खाली रेषा नेते.

‘राम’ आणि ‘कृष्ण’ हे दोन शब्द एकाच ओळीत अधोरेखित करून पाहिल्यास दोन्ही पद्धतींचे दोष एकदम दिसतात. पहिल्या पद्धतीत दोन्ही रेषा समपातळीत येतात, पण ‘कृ’मधील ऋकार रेषेने कापला जातो. दुसऱ्या पद्धतीत ऋकार वाचतो. मात्र ‘राम’खालची रेषा वर आणि ‘कृष्ण’खालची रेषा खाली, अशी पायरी तयार होते. शिवाय दोन्ही आज्ञा मजकूर एका अखंड चौकटीत बंद करतात, त्यामुळे अधोरेखित वाक्य ओळीच्या शेवटी मोडत नाही, समासात घुसते. अनेक प्रबंधांच्या उजव्या कडेला अशी वाक्ये पानाबाहेर डोकावताना आढळतात.

यावर उपाय म्हणून दोन पॅकेजे प्रसिद्धीस आली. डोनाल्ड आर्सेनो यांचे ‘उलेम’ मजकूर शब्दाशब्दाने घेते, प्रत्येक शब्दाखाली रेषा ओढते आणि शब्दांमधील अंतरही रेषेने भरते. दुहेरी, नागमोडी, तुटक व ठिपक्यांची रेषा, शब्द खोडणारी रेषा असे प्रकार त्यात आहेत. रेषेची खोली व जाडी वापरणाऱ्याला बदलता येते. एक विचित्र गोष्ट म्हणजे हे पॅकेज नुसते जोडले की भर देण्याची मूळ आज्ञाच बदलते आणि तिरप्या शब्दांच्या जागी अधोरेषा उमटू लागतात. ते टाळण्यासाठी वेगळा पर्याय नमूद करावा लागतो. मेल्खिओर फ्रान्झ यांचे ‘सोल’ अधिक सूक्ष्म आहे. ते शब्द उलगडते, त्यातील अवयव शोधते आणि पुन्हा जोडते, त्यामुळे लांब जर्मन शब्दही अधोरेखित अवस्थेत योग्य ठिकाणी मोडतात. रंगपट्टीची आज्ञाही याच पॅकेजमध्ये आहे आणि तिचा रंग एका आज्ञेने बदलता येतो.

देवनागरीच्या दृष्टीने नेमका हा उलगडण्याचा व्यवहारच घातक ठरतो. रोमन अक्षर स्वतंत्र आहे. ते शेजाऱ्यापासून दूर केले तरी तेच राहते. देवनागरीत ‘र्क’मधील रफार संगणकाच्या स्मृतीत आधी आणि कागदावर नंतर व वर येतो, तर ‘कि’मधील वेलांटी स्मृतीत नंतर आणि कागदावर आधी. मजकूर घटकाघटकाने सुटा करून पुन्हा जोडणाऱ्या साधनाला हा उलटा क्रम माहीत नाही. ‘उलेम’ शब्दाला सहसा हात लावत नाही म्हणून जोडाक्षरे टिकतात. त्याची किंमत म्हणून शब्द ओळीअखेर मोडण्याची सोय जाते. लांब सामासिक शब्द वापरणाऱ्या विद्वत्तापूर्ण मराठी गद्याला ती किंमत भारी पडते.

मोजपट्टी रोमन, माप देवनागरीचे

येथे एका मूलभूत आक्षेपाकडे वळणे आवश्यक आहे. या साधनांना ‘हवा तसा आकार देता येतो’ असे म्हटले जाते. परंतु आकार ज्या मापात द्यावयाचा ते माप कोणाचे, हे सहसा विचारले जात नाही. ‘उलेम’ आपण होऊन रेषेची खोली ठरवते ती डावा कंस आणि रोमन ‘जे’ हे अक्षर किती खाली उतरते यावरून. ‘सोल’मधील रंगपट्टीची जाडी अडीच ‘एक्स’ असते, आणि ‘एक्स’ म्हणजे त्या फॉन्टमधील रोमन ‘एक्स’ या लहान अक्षराची उंची. कॉन्टेक्स्टमध्येही रेषांची मापे ‘एक्स’ या एककात देण्याची पद्धत आहे. खुद्द ओपनटाइप फॉन्टमध्ये अधोरेषेचे स्थान व जाडी यांची नोंद करण्याची जागा असते, पण संपूर्ण फॉन्टसाठी ती एकच; रोमन आणि देवनागरी एकाच फॉन्टमध्ये असल्यास दोघींना एकच रेषा पत्करावी लागते.

रोमन अक्षरे आधाररेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. देवनागरी अक्षराचा मुख्य देह रोमन ‘एक्स’हून सामान्यतः उंच असतो, त्याच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, हलन्त असे मजले चढतात. अशा लिपीला अडीच ‘एक्स’ची पट्टी घातली तर ‘सर्वांनी’मधील रफार व अनुस्वार पट्टीबाहेर राहतात. पट्टी उंच केली की दुसरे संकट उभे राहते. टेक ओळींमागून ओळी मांडते, म्हणून दुसऱ्या ओळीची पट्टी पहिल्या ओळीच्या अक्षरांनंतर रंगवली जाते, आणि ओळींमधील अंतर कमी असल्यास पहिल्या ओळीचे उकार त्या रंगाखाली गाडले जातात. पट्टी अक्षरांच्या ‘मागे’ ठेवली, हे त्या ओळीपुरते खरे असते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘सुर’ म्हणजे देव आणि ‘सूर’ म्हणजे स्वर. या जोड्यांतील सारा भेद आधाररेषेखालच्या एका वळणात आहे आणि रेषा नेमकी तेथूनच जाते. शुद्धलेखनाच्या प्रश्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ ओळखावयास सांगून तोच शब्द अधोरेखित केला, तर परीक्षार्थ्याची परीक्षा कशाची होते, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे.

जुळणीनंतर ओढलेली रेषा

कॉन्टेक्स्ट ही प्रणाली नेदरलँड्समधील हान्स हागेन यांनी विकसित केली. तिच्या लुआटेकवर आधारलेल्या आवृत्तीत अधोरेषेचा विचार मुळापासून बदलला, आणि येथे स्तुती करण्यास जागा आहे. मजकुराला रेषा ओढण्यापूर्वी उलगडायचे नाही. त्यावर एक अदृश्य खूण ठेवायची, जोडाक्षरे होऊ द्यायची, ओळी मोडू द्यायच्या, आणि ओळ तयार झाल्यावर जेथे जेथे खूण आढळेल तेथे रेषा ओढायची. क्रम उलटल्यामुळे पूर्वीची बहुतेक दुखणी नाहीशी होतात. लाटेकच्या वापरकर्त्यांना हीच सोय मार्सेल क्र्यूगर यांच्या ‘लुआ-यूएल’ या पॅकेजने २०२० साली मिळाली. त्याच वर्षीच्या टेक लाइव्हमध्ये लुआलाटेकला हार्फबझ या आकारयोजकाची जोड मिळाल्याने देवनागरीचा मार्गही मोकळा झाला.

कॉन्टेक्स्टमधील ‘डिफाइनबार’ या आज्ञेने स्वतःच्या नावाची रेषा घडवता येते. तिची जाडी, आधाररेषेपासूनचे अंतर, रंग, ती अक्षरांच्या पुढे असावी की मागे, एका रेषेत दुसरी रेषा आल्यास तिने किती सरकावे, हे सारे सांगता येते. रंगपट्टीसाठी वेगळे यंत्र नाही. जाड केलेली, रंगवलेली आणि मागे ढकललेली रेषा म्हणजेच रंगपट्टी, ही त्यातील कल्पना विशेष नेटकी आहे. शब्दांमधील अंतरावरून रेषा सलग जावी की प्रत्येक शब्दाखाली तुटावी, याचीही निवड आहे. ‘अंडरबार’ आणि ‘अंडरबार्स’ या दोन आज्ञांतील फरक एवढाच. उणीव एकच राहते आणि ती लहान नाही : रेषा उकाराला टाळून जात नाही. अंतर वाढवून तिला उकाराखाली नेता येते, पण मग ती खालच्या ओळीच्या शिरोरेषेजवळ जाते आणि वाचकाला ती कोणाची रेषा हे क्षणभर कळत नाही.

रेषेला आधीच असलेला अर्थ

रोमन लिपीच्या संदर्भात न उद्भवणारा एक मुद्दा देवनागरीत उद्भवतो. या लिपीत अक्षराखालच्या आडव्या रेषेला भर देण्याखेरीज अन्य अर्थ पूर्वीपासून आहेत. ऋग्वेदाच्या मुद्रित संहितेत अक्षराखालची रेषा अनुदात्त दाखवते, म्हणजे स्वर खाली आणण्याची खूण असते; स्वरिताला वर उभी रेषा, आणि उदात्ताला काहीच चिन्ह नाही. शतपथ ब्राह्मणाच्या परंपरेत मात्र तीच खालची रेषा उदात्ताची असते. युनिकोडने ०९५२ या क्रमांकावर या रेषेला स्वतंत्र चिन्हाचा दर्जा दिला, परंतु तिच्या इंग्रजी नावात ‘आघात’ हा शब्द घालून अनुदात्तालाच आघात ठरवले, ही गोष्ट व्याकरणाच्या अभ्यासकाला गमतीची वाटावी.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनाचे आहे. या पद्धतीत स्वराखालची आडवी रेषा कोमल स्वर दाखवते, मध्यमावरची उभी रेषा तीव्र मध्यम, खालचा बिंदू मंद्र सप्तक आणि वरचा बिंदू तार सप्तक. सा, रे, ग, म, प, ध, नि या सात अक्षरांपैकी एकालाही उकार वा ऋकार नाही. त्यामुळे वर चर्चिलेली टक्कर या लेखनात होतच नाही. देवनागरीत अधोरेषा निर्धास्तपणे नांदावी असे हे बहुधा एकमेव क्षेत्र. गर्दी होते ती वेगळ्या कारणाने : मंद्रातील कोमल निषादाखाली रेषाही हवी आणि बिंदूही, आणि एका मात्रेत बसवलेल्या स्वरांखाली आणखी एक कंसाकार चाप. एकात एक रेषांना ठरावीक अंतराने सरकवण्याची कॉन्टेक्स्टमधील सोय येथे खरी उपयोगी पडते. सलग रेषेची निवड मात्र येथे कटाक्षाने टाळावी लागते. कोमल धैवत आणि कोमल निषाद यांच्या दोन रेषा जोडल्या गेल्या की वाचणारा त्यांना मात्रेचा चाप समजण्याची शक्यता निर्माण होते.

अधोरेषेची आज्ञा आणि अधोरेषेचे चिन्ह यांतील भेद याच क्षेत्रात उघडा पडतो. आज्ञेने ओढलेली रेषा हे पानावरचे चित्र आहे. पीडीएफमधून मजकूर उचलला, शोधला किंवा दृष्टिहीन वाचकासाठी यंत्राकडून वाचून घेतला, तर ती मागे राहते. भर देणारी रेषा गळाल्यास भर तेवढा जातो. भैरवाच्या स्वरलिपीतून रेषा गळाल्या तर कोमल ऋषभ आणि कोमल धैवत शुद्ध होतात आणि हाती उरतो तो बिलावल थाट. महाविद्यालयीन संगीत विभागांतून आज स्वरलिप्या संगणकावर जुळवल्या जातात, साठवल्या जातात आणि विद्यार्थ्यांना पाठवल्या जातात; त्या जुळवताना रेषेची जाडी व रंग यांवर जेवढा वेळ खर्च होतो, त्याचा अल्पांशही या प्रश्नावर होताना दिसत नाही.

उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्वराक्षरानंतर ०९५२ क्रमांकाचे चिन्हच लिहिले, तर ते मजकुराचा भाग होते; मात्र त्यासाठी ते चिन्ह नीट बसवणारा फॉन्ट हवा, आणि वैदिक चिन्हांची काळजी घेणारे ‘शोभिका’सारखे फॉन्ट मुंबईच्या आयआयटीतून उपलब्ध झालेले आहेत. रेषा आज्ञेनेच ओढावयाची असल्यास पीडीएफमध्ये दिसणाऱ्या आकृतीमागे खरा मजकूर जोडून ठेवण्याची तरतूद आहे आणि लाटेकमधून ती वापरता येते. कोमल स्वरासाठी एकच आज्ञा घडवून तिच्यात दिसणारी रेषा आणि मागचे चिन्ह ही दोन्ही एकदम बसवली, तर पुस्तकभर ती एका ठिकाणाहून बदलता येईल आणि पानावरून उचललेला ‘रे’ कोमलच राहील.