ब्राउझरची नकली स्मॉल कॅप्स

रोमन छपाईत कॅपिटल आणि स्मॉल यांच्या जोडीला तिसरी अक्षरमाला असते : स्मॉल कॅप्स. घडण कॅपिटलची, उंची साधारण स्मॉल ‘एक्स’इतकी. इंग्रजी बायबलच्या अनेक आवृत्त्यांत हिब्रू ईश्वरनामाच्या जागी येणारा ‘लॉर्ड’ हा शब्द याच अक्षरांत छापतात; तेव्हा ही नुसती सजावट नाही. खिळ्यांच्या काळात ही अक्षरे स्वतंत्र ओतली जात. मोठे अक्षर नुसते लहान केले की त्याच्या रेघाही बारीक होतात आणि शेजारच्या मजकुरात ते अशक्त दिसते. म्हणून खरी स्मॉल कॅप्स किंचित रुंद आणि जाड रेघेची काढतात. वेबने ही जाण सुरुवातीलाच बाजूला ठेवली, आणि तो घोळ निस्तरायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या 1996 साली आलेल्या पहिल्या आवृत्तीत ‘फॉन्ट-व्हेरिअंट : स्मॉल-कॅप्स’ होते आणि फॉन्टमध्ये ती अक्षरे नसल्यास कॅपिटल लहान करून वापरण्याची मुभाही होती. वाचकाच्या संगणकात जे फॉन्ट असतील त्यांवरच पान अवलंबून होते, त्यामुळे तेव्हा ही तडजोड क्षम्य होती. पुढे ओपनटाइप फॉन्टमध्ये अस्सल स्मॉल कॅप्स आली, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचा ‘फॉन्ट-फीचर-सेटिंग्ज’ हा रस्ता आडवळणाचा. फॉन्टमध्ये सोय नसेल तर काहीच घडत नाही, आणि एक सोय नव्याने मागितली की वरून वारशाने आलेल्या बाकीच्या पुसल्या जातात. 2018 मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या सीएसएसच्या फॉन्ट्स मॉड्यूलच्या तिसऱ्या पातळीने ‘फॉन्ट-व्हेरिअंट-कॅप्स’ दिले. अस्सल अक्षरे असतील तर तीच वापरायची. मात्र नसतील तर नक्कल करायची, ही जुनी सवय कायम राहिली. नक्कल नाकारण्याचा हक्क मिळाला तो चौथ्या पातळीतल्या ‘फॉन्ट-सिंथेसिस-स्मॉल-कॅप्स : नन’ने, आणि तो क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिघांत पोचायला 2023 उजाडले. माझ्या मते या कलेतली खरी प्रगती हीच. सुंदर अक्षर मागता येणे चांगलेच, पण नको ते नाकारता आल्याशिवाय रचनाकाराच्या हाती काही नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : सामान्य वाचकाला कुठे कळते? जुन्या, जाड ठिपक्यांच्या पडद्यावर खरेच कळत नसे. आजच्या फोनचा पडदा रेघेतला फरक लपवत नाही. लघुनामेही स्मॉल कॅप्समध्ये लिहितात; नक्कल करून आकसलेले असे लघुनाम परिच्छेदात फिकट डागासारखे दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नक्कल बंद केली आणि फॉन्टमध्ये अस्सल अक्षरे नसली, तर स्मॉल अक्षरे स्मॉलच राहतात आणि खूण नाहीशी होते. लघुनामांपुरते याला सरळ उत्तर आहे : मूळ मजकूर कॅपिटलमध्येच लिहावा आणि ‘ऑल-स्मॉल-कॅप्स’ मागावे, अक्षरे मिळाली नाहीत तर पूर्ण कॅपिटल दिसतील, अर्थ शाबूत. बायबलमधल्या ‘लॉर्ड’ला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे पहिले अक्षर मोठेच हवे. तिथे नक्कल पत्करावी. (ध्वनिलिपीतली चिन्हे उचलून स्मॉल कॅप्सचा देखावा करण्याची समाजमाध्यमी हौस मात्र कुठेच पत्करू नये, तो मजकूर ना शोधात नीट सापडतो, ना स्क्रीन रीडरला नीट वाचता येतो.)

आता अडचण ब्राउझरपेक्षा फॉन्टमध्ये आहे. फाइल हलकी करताना ही अक्षरे अनेकदा छाटली जातात, आणि ‘अलेग्रेया एससी’सारख्या वेगळ्या कुटुंबात ती दिली की रचनाकाराला पुन्हा हातानेच फॉन्ट बदलत बसावे लागते.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही, म्हणून मराठी पानाने हा विषय सोडून द्यावा असे वाटेल. पण ‘फॉन्ट-सिंथेसिस’चाच दुसरा भाग तिरप्या अक्षरांचा आहे. देवनागरी फॉन्टमध्ये इटॅलिक क्वचितच असते; ब्राउझर मग सरळ अक्षर ढकलून तिरपे करतो आणि ताठ काने कलंडतात. अरबीसाठी अशी नक्कल बंद करण्याचे उदाहरण सीएसएसच्या मानकातच दिलेले आहे. मराठी संकेतस्थळांनी मराठी मजकुरापुरता हाच नियम लावावा आणि जोर द्यायला खरी जाडी वापरावी. ‘मुक्ता’सारख्या मोफत फॉन्टमध्ये अशा सात जाड्या आहेत.