‘असावा’ या शब्दाची किंमत : जॅक फेल्डमन आणि श्वासाचं विज्ञान

आज आपण जॅक फेल्डमन यांच्या कामाकडे जरा चिकित्सक नजरेनं बघणार आहोत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले हे मेंदूशास्त्रज्ञ. डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, आणि आयुष्य गेलं एका प्रश्नामागे : आपलं लक्ष नसताना, गाढ झोपेतसुद्धा, श्वासाचा ठेका धरतं कोण?

हृदयाचं त्या मानानं सोपं आहे. त्याचा पेसमेकर त्याच्यातच असतो. फुप्फुसांना स्वतःचा ठेका नाही. श्वासपटलाला मेंदूकडून हुकूम यावा लागतो. तो नेमका कुठून येतो?

१९९१ साली जेफ्री स्मिथ, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक निबंध छापला. नवजात उंदराच्या मस्तिष्कस्तंभाची, म्हणजे मेंदूच्या देठाची, एक पातळ चकती कापून त्यांनी द्रावणात जिवंत ठेवली. फुप्फुस नाही, रक्त नाही, बाकीचा मेंदू नाही. तरी त्या चकतीतून निघणाऱ्या, जिभेकडे जाणाऱ्या नसेवर श्वासासारखा ठेका उमटत राहिला! या छोट्या भागाचं नाव ‘प्री-बॉट्झिंगर संकुल’. शेजारच्या भागाला जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावरच्या वाइनच्या बाटलीवरून ‘बॉट्झिंगर’ नाव मिळालं होतं, त्यावरून हे.

पण आपलं लक्ष हवं ते निबंधाच्या शीर्षकाकडे. हा भाग सस्तन प्राण्यांच्या श्वासाची लय निर्माण करत ‘असावा’, असं त्यात म्हटलंय. ‘करतो’ नव्हे. आमच्या मते फेल्डमन यांची पुढची कारकीर्द या एका ‘असावा’भोवती फिरते.

आक्षेप रास्तच होते. चकती नवजात पिल्लाची. द्रावणात पोटॅशियम मुद्दाम वाढवलेलं. याला श्वास कसा म्हणायचा? उत्तर द्यायला वर्षं लागली. २००१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेनं प्रौढ उंदरांच्या याच भागातल्या एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशी नष्ट केल्या. श्वास वेडावाकडा झाला. २००८ मध्ये जाग्या उंदरांत इथल्याच काही पेशी तात्पुरत्या गप्प केल्या. श्वास थांबला आणि आपोआप परत सुरू झाला नाही. म्हणजे ‘कुठे?’ या प्रश्नापुरता ‘असावा’ खोडायला सतरा वर्षं गेली.

आता ‘कसं?’ या प्रश्नाकडे येऊ. १९९१ च्या निबंधातच एक देखणी कल्पना होती : इथे पेसमेकर पेशी आहेत, हृदयासारख्या, त्याच ठेका देतात. २००२ मध्ये क्रिस्टोफर डेल नेग्रो आणि फेल्डमन यांनी या पेशींचा सोडियमवर चालणारा पेसमेकर औषधानं बंद केला. ठेका चालूच राहिला! हा धक्का स्वतःच्याच कल्पनेला, स्वतःच्याच प्रयोगशाळेतून दिलेला. पुढे २००६ मध्ये जोरानं उच्छ्वास टाकण्यासाठी वेगळं केंद्र आहे, हेही त्यांनीच पुढे आणलं. आपलंच एकमेव केंद्र ही मिरासदारीही गेली.

मग टीका कुठे करायची? पेसमेकर गेल्यावर जे आलं तिथे. लय पेशींच्या जाळ्यातून ‘उद्भवते’, असं सांगितलं जाऊ लागलं. ‘उद्भवते’ हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण कसं उद्भवते हे तो सांगत नाही. २०१३ मध्ये ठेक्याची लहानशी कुजबुज आणि प्रत्यक्ष श्वासाचा झटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं दाखवून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. तरी यंत्रणेचा वाद मिटलेला नाही. इथला ‘असावा’ अजून शिल्लक आहे.

हे सगळं इतकं सांगायचं कारण पुढे आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या गटानं, फेल्डमन यांच्यासह, या केंद्रातल्या काही पेशी मेंदूच्या जागृतीच्या केंद्राला निरोप देतात असं दाखवलं. त्या पेशी काढल्यावर उंदीर शांत झाले. लगेच मथळे आले आणि आपल्याकडेही भाषणांतून ऐकू येऊ लागलं : ‘प्राणायाम विज्ञानानं सिद्ध केला!’ बघा बरं, त्या उंदरांनी प्राणायाम केला नव्हता. त्यांच्या पेशी नष्ट केल्या होत्या. आणि ‘उंदरांमध्ये’ हा शब्द निबंधाच्या शीर्षकातच आहे. वाट सापडली, हे खरं. माणसानं मुद्दाम श्वास संथ केला की याच वाटेनं मन शांत होतं, हे त्या निबंधातून सिद्ध होत नाही.

प्राणायामाला कमी लेखण्याचा हा मुद्दा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं ते योगाच्या क्रिया उपकरणांनी मोजून बघायलाच. त्यांना उसना पुरावा चालला नसता, आपणही तो चालवू नये. ज्या माणसानं एका क्रियापदासाठी सतरा वर्षं दिली, त्याचं नाव घेऊन ते क्रियापद एका वाक्यात बदलणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे. शिवाय घाबरण्याच्या आजारावर औषध घेणारा कुणी ते ऐकून गोळ्या बंद करू शकतो, हा धोका आहेच.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.