कृष्णवर्णीय मुलीचे वाढणे : दोन कवितांचे वाचन

प्रस्तावना

कृष्णवर्णीय मुलीच्या वाढत्या वयाची कविता म्हटली की तिच्यात वर्णद्वेषाविरुद्धचा उघड आक्रोश असणार, असे आपण गृहीत धरतो. ग्वेंडोलिन ब्रूक्स आणि ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कवयित्रींच्या दोन कविता हे गृहीतक तपासायला लावतात. दोन्हींत मुलगी स्वतः बोलते आणि दोन्हींत आईचे स्थान महत्त्वाचे आहे.

१. पुढचे अंगण

'अ साँग इन द फ्रंट यार्ड' ही कविता ब्रूक्स यांच्या 'अ स्ट्रीट इन ब्राँझव्हिल' (१९४५) या पहिल्या संग्रहात आहे. ब्राँझव्हिल ही शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांची वस्ती. त्यांना गोऱ्यांच्या भागात घर मिळू नये, असे करार तेव्हा रूढ होते. त्यामुळे सुस्थित आणि गरीब कुटुंबे एकाच वस्तीत दाटीने राहत. कवितेतील मुलीला नीटनेटक्या अंगणाचा कंटाळा आला आहे. तिला मागचे रान आणि गल्लीतल्या मुलांचा खेळ खुणावतो. ती मुले बिघडणार, असे आई बजावते. मुलीला मात्र तसे 'वाईट' होणेही चालेल. वंशाबद्दल येथे थेट काहीच म्हटलेले नाही. पण एक तपशील पाहा : घराचे मागचे फाटक गल्लीतल्या एका मुलाने केव्हाच विकून टाकले आहे. आई जी सीमा राखू पाहते, ती आधीच मोडलेली आहे. आईच्या नाक मुरडण्यामागची भीती इथे कळते.

२. बंद दार

लॉर्ड यांच्या 'द ब्लॅक युनिकॉर्न' (१९७८) या संग्रहातील 'हँगिंग फायर' या कवितेतील मुलगी चौदा वर्षांची आहे. नाच येत नाही, दातांना तार लावावी लागते, उद्या घालायला कपडे नाहीत. या नेहमीच्या चिंतांच्या रांगेतच 'आपण मेलो तर?' हा प्रश्न येतो. कोरड्या त्वचेमुळे राखाडी दिसणारे गुडघे ती सांगते. गडद त्वचेवर हा कोरडेपणा चटकन दिसतो. गुण जास्त असूनही गणिताच्या संघात तिच्याऐवजी मुलगा घेतला गेला, हेही ती तक्रारीच्या सुरात, ओघात सांगते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आई खोलीत आहे आणि दार बंद आहे.

३. मूल्यमापन

एक आई फार बोलते, दुसरी बोलतच नाही. दुसरीचे दार थकव्यामुळे बंद आहे की दुराव्यामुळे, हे कविता सांगत नाही. आपणही घाईने ठरवू नये. कारण मुलीलाही ते ठाऊक नाही, आणि हे न कळणे हाच तिचा एकटेपणा आहे. या कवितांत वर्ण घोषणेतून येत नाही. तो फाटक, गुडघे, दार अशा घरगुती तपशिलांतून येतो. म्हणून त्यांना केवळ सामाजिक पुरावा मानले, तर मुलीचा आवाज आपल्या हातून निसटतो.

स्वाध्याय : दोन्ही कवितांतील आईचे चित्रण मुलीच्या निवेदनामुळे कसे मर्यादित होते, ते स्पष्ट करा.