गोटुल, समाजमंदिर आणि बहुभाषिक ज्ञानकेंद्र : गडचिरोली-चंद्रपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

गावात वापराविना पडून असलेली सार्वजनिक वास्तू ज्ञानकेंद्रात रूपांतरित करावी, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळेच्या इमारतीची न वापरली जाणारी क्षमता ‘सामाजिक चेतना केंद्रा’साठी उपयोगात आणावी, अशी सूचना आहे. या कल्पनेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गडचिरोली व चंद्रपूर या वनजिल्ह्यांत तिचा विचार करताना तीन प्रश्न टाळता येत नाहीत. वास्तू रिकामी का पडली? तिच्या नव्या उपयोगाचा निर्णय कोणी घेतला? आणि तेथे कोणाच्या भाषेत शिकले जाणार आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे काही प्रत्यक्ष प्रयत्नांची चिकित्सा केली आहे.

‘अतिरिक्त’ वास्तू : एका शब्दाची तपासणी

प्रशासनाच्या भाषेत वास्तू ‘विनावापर’ किंवा ‘अतिरिक्त’ ठरते ती आकडेवारीवरून. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तेथील विद्यार्थ्यांचे नजीकच्या शाळांत समायोजन करण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविण्यात आले. नदीनाल्यांनी तुटलेल्या विरळ वस्तीच्या प्रदेशात पट कमी असणे हा भूगोलाचा परिणाम आहे. तेथील शाळेची गरज संपल्याचा तो पुरावा नव्हे. अशा ठिकाणी शाळा बंद करून त्याच इमारतीत वाचनालय उघडणे म्हणजे एका हाताने काढून दुसऱ्या हाताने देणे होय.

समाजमंदिरांची गोष्ट वेगळी आहे. ती निधीच्या शीर्षातून उभी राहतात. जागा, नकाशा आणि उपयोग यांचा निर्णय बहुधा गावाबाहेर झालेला असतो. त्यामुळे लग्नसमारंभ व निवडणुकीचा दिवस सोडल्यास त्यांपैकी अनेकांना कुलूप असते. जी वास्तू गावाने मागितली नव्हती, ती गावाने सोडून दिली असे म्हणता येत नाही.

गोटुल याहून निराळे आहे. वेरियर एल्विन यांच्या ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ (१९४७) या ग्रंथामुळे बाहेरच्या जगात गोटुलाची ओळख केवळ युवागृह अशी रूढ झाली. तो अभ्यास बस्तरच्या मुरियांचा होता. गडचिरोलीतील गोंड व माडिया गावांत गोटुल ही बैठकीची, पाहुण्यांच्या मुक्कामाची, तंटे मिटविण्याची, रेला नृत्यगीतांची आणि पंडुमच्या तयारीची जागा राहिली आहे. शिकणे हा या सर्वांचा अंगभूत भाग होता. तेव्हा गोटुलाचे ‘ज्ञानकेंद्रात रूपांतर’ हा शब्दप्रयोगच सदोष ठरतो. ते ज्ञानकेंद्र होतेच. ती ओळख पुसली गेली, एवढेच.

मेंढा : वास्तूपूर्वी अधिकार

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. ऐंशीच्या दशकात तेथील ग्रामस्थांनी लोप पावत चाललेले गोटुल पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला. परंपरेप्रमाणे सागवान वापरले गेले. वनखात्याने ते बेकायदेशीर ठरवून बांधकाम उतरविले व लाकूड जप्त केले. परिणाम मात्र उलटा झाला. परिसरातील गावांची महाग्रामसभा भरली आणि मेंढ्याबरोबर इतर गावांतही गोटुले उभी राहिली.

पुढे याच गावात सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि तिच्या जोडीला ‘अभ्यास गट’ ही पद्धत रुजली. वनकायदा, बांबूचे करार, मध गोळा करण्याची पद्धत अशा विषयांवर ग्रामस्थ व बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून चर्चा करीत. निर्णय मात्र ग्रामसभाच घेत असे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क आणि एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आलेले बांबू वाहतुकीचे परवाने ही या अभ्यासाचीच फळे होत. त्यासाठी प्रकल्प अहवाल वा उद्घाटनाची पाटी लागली नाही. वास्तूवरचा अधिकार आधी प्रस्थापित झाला आणि शिक्षण त्यामागून आले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

तथापि मेंढ्याचा आदर्श जसाच्या तसा उचलता येणार नाही. ते एकाच समाजाचे छोटे गाव आहे. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा व चामोर्शी भागांत निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, तर चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात गोंडी, कोलामी, बंजारा आणि मराठवाड्यातून आलेल्यांची मराठी नांदते. अशा मिश्र वस्तीत गोटुल एका समाजाचे असते आणि समाजमंदिर पुष्कळदा कोणाचेच नसते. स्त्रियांना बैठकीत बरोबरीचे स्थान आहे काय, हा प्रश्नही दोन्ही ठिकाणी विचारावा लागतो. परंपरेचे नाव घेतल्याने तो सुटत नाही.

मोहगाव : मान्यतेचा पेच

याच धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ या नावाने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार आहे. तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही. या पार्श्वभूमीवर मोहगावचे पाऊल लक्षणीय होते. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत ठरवून ती बंद करण्याची नोटीस दिली. हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला.

कायद्याच्या दोन बाजू येथे समोरासमोर येतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १८ मान्यतेविना शाळा चालविण्यास मनाई करते आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड व त्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. त्याच कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते. संविधानाचा अनुच्छेद ३५०क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतील शिक्षणाच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो, तर पेसा कायदा, १९९६ परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानतो. मान्यतेचे निकष मुलांच्या संरक्षणासाठी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र जी जबाबदारी राज्याने पार पाडली नाही, ती स्वतः पार पाडणाऱ्या गावाला दंडाचे भय दाखवावे, यात कायद्याचा हेतू पराभूत होतो. येथे पणाला लागते ते मुलाचे घरच्या भाषेत अक्षर ओळखण्याचे वय. ते पुन्हा येत नाही.

वाचनालये : लाभ आणि मर्यादा

अलीकडच्या वर्षांत गडचिरोली पोलीस दलाने ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम राबविला आहे. दुर्गम गावांत ग्रामस्थांच्या श्रमदानाची जोड घेऊन वाचनालये उभी राहिली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या युवकाला तालुक्याच्या गावी खोली न घेता पुस्तके मिळतात, हा लाभ क्षुल्लक नाही. त्याची उपेक्षा करणारी टीका प्रामाणिक ठरणार नाही. तरीही हे वाचनालय गावाबाहेर जाण्याची वाट दाखविते. गावाचे स्वतःचे ज्ञान नोंदविण्याची जागा तेथे क्वचितच असते. वनस्पतींची माडिया नावे, गावाच्या सीमांच्या कथा, कोलामी वा बंगाली गीते यांना कपाटात जागा मिळत नसेल, तर त्या केंद्राला बहुसांस्कृतिक म्हणता येणार नाही. शिवाय संघर्षाच्या प्रदेशात पोलीस दलाने चालविलेली वास्तू सर्वांना सारखीच मोकळी वाटेल, असे गृहीत धरता येत नाही.

एक तुलना

न्यूझीलंडमधील माओरी समाजाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. माओरींचे ‘माराए’ हे सभास्थान गोटुलाशी नाते सांगणारे आहे. १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे ‘भाषेचे घरटे’, या बालशाळा सुरू झाल्या. त्यांतील पुष्कळशा माराएच्या आवारात भरत. त्यांतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी १९८५ मध्ये होआनी वाइटिटी माराए येथे माओरी माध्यमाची शाळा शासकीय व्यवस्थेबाहेर निघाली. १९८९ मध्ये शिक्षण कायद्यात बदल करून अशा शाळांना स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता देण्यात आली. तेथे कायदा शाळेच्या मागून चालत आला. मोहगावला जी वागणूक मिळाली, तिच्याशी हा फरक ताडून पाहण्यासारखा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, कमी पटामुळे रिकामी झालेली शाळा आणि गावाने न मागितलेले समाजमंदिर यांना एकाच यादीत घालू नये. दुसरा, रूपांतराचा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावातून यावा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा व सामुदायिक केंद्रांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची तरतूद आहे. गाव ठरवील तेथे नवी वास्तूही उभी राहू शकते. तिसरा, मिश्र वस्तीच्या गावात तेथील प्रत्येक भाषेला बोलण्याची, नोंदविण्याची व शिकविण्याची जागा असावी. चौथा, ग्रामसभांनी चालविलेल्या मातृभाषिक शाळांसाठी मान्यतेचा स्वतंत्र प्रकार शासनाने निर्माण करावा.

भिंती रंगविणे, कपाटे बसविणे आणि पाटी लावणे ही कामे एका आर्थिक वर्षात होतात. कुलपाची किल्ली कोणाकडे राहील, हे मात्र अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. आणि केंद्र चालेल की नाही, हे त्यावरच ठरते.