बासष्टावा आला रे!

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याच्या मुलाला शाळेत पळायचा नाद आहे. परवा रात्री जेवणं आटोपून मी आडवा होतोय न होतोय तोच मावसभावाचा फोन आला. आवाजात निव्वळ पेढे!

"अरे, बासष्टावा आला रे!"

आता बासष्टाव्या आलेल्याचं अभिनंदन कसं करतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घराण्यात पहिल्या तिघांत आला तर फोन करायचा, त्याखाली आला तर 'दोन दिवस अंगात कणकण होती हो' असं परस्पर कळवायचं, अशी रीत आहे. मी सावधपणे विचारलं, "पळत किती जण होते? त्रेसष्ट?"

"दीडशेच्या वर! गेल्या वर्षीपेक्षा एकोणतीस सेकंद कमी घेतलेन्. त्याच होल्मडेल पार्कात, त्याच चढावर! दुसऱ्या मैलाला एक्क्याऐंशीवा होता. मी स्वतः मोजला, झाडाआड उभा राहून."

मुलाचा बाप झाडाआड उभा राहून मुलं मोजतो, हे ऐकून मला जरा काळजी वाटली. पण पंधरा दिवसांनी टपालाने एक जाडजूड पुडकं आलं आणि मावसभाऊ या व्याधीत एकटा नाही, तिला चांगला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, हे कळलं. पुडक्यात शाळकरी धावपटूंच्या वार्षिक याद्या, जुन्या मासिकांचे अंक आणि असंख्य झेरॉक्स. वर चिठ्ठी : 'तू लिहितोस म्हणतोस ना? मग हे वाच आणि वाङ्मय म्हणून कसं वाटलं ते कळव.'

वाङ्मयाचं परीक्षण करायला मी मुळीच लायक नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. प्रतिमा, प्रतीकं निघाली की मला जांभया येतात. पण या वाङ्मयात नुसते आकडे! आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला माझ्या पेशाचं पुस्तक परीक्षणासाठी दिलं होतं. बँकेतून आल्यावर चहा घेऊन मी जो बसलो, तो रात्री अकराला उठलो.

या वाङ्मयप्रकाराचे आद्य पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातले दोन भाऊ, बर्ट आणि कॉर्डनर नेल्सन. १९४८ साली त्यांनी 'ट्रॅक अँड फील्ड न्यूज' नावाचं मासिक काढलं. धावण्या-उड्या मारण्याच्या निकालांचं मासिक काढून पोट भरेल असं कुठल्याही शहाण्या माणसाने त्यांना सांगितलं नसतं. पण अंक निघत राहिले, पुढे त्याला त्या खेळाचं 'बायबल' म्हणू लागले आणि छापील अंक २०१७ पर्यंत चालला. युरोपातही हीच साथ होती. १९५० साली ब्रुसेल्सला युरोपीय स्पर्धा भरल्या असताना काही आकडेवेडे एकत्र जमले आणि त्यांनी धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाच स्थापन केली. पहिला अध्यक्ष रॉबर्टो क्वेर्चेतानी. हा राहणारा फ्लॉरेन्सचा! ज्या गावात माणसं मायकेलअँजेलोचे पुतळे बघायला जगभरातून येतात, त्या गावात हा गृहस्थ फिनलंडमधला कोण कुठे किती सेकंदात पळाला ते उतरवून घेत बसे. याला म्हणतात छंद.

या मंडळींपैकी लौकिक अर्थाने नशीब काढलं ते इंग्लंडच्या नॉरिस मॅक्व्हर्टरने. ६ मे १९५४ला ऑक्सफर्डच्या मैदानावर रॉजर बॅनिस्टरने जगात पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल काढला, तेव्हा ध्वनिक्षेपकावर निकाल सांगायला हाच होता. त्याने धावपटूचं नाव, विक्रमांचे प्रकार वगैरे सगळं सावकाश सांगत लोकांचा जीव टांगणीला लावला आणि शेवटी 'तीन' हा आकडा उच्चारताच असा गलका झाला की पुढचे ५९.४ सेकंद कुणाला ऐकूच आले नाहीत. पुढच्याच वर्षी त्याने आणि त्याच्या जुळ्या भावाने गिनेसचं पहिलं विक्रम-पुस्तक तयार केलं. आज कुणी नखं वाढवून त्या पुस्तकात जातो, कुणी उलटा चालून जातो. त्याचं मूळ या असल्या मोजणाऱ्यांत आहे, हे लक्षात ठेवावं.

असो. आता परीक्षण.

पहिली पन्नास पानं मला पंचांगासारखी वाटली. नाव, शाळा, राज्य, वेळ. नाव, शाळा, राज्य, वेळ. मग मी ५ जून १९६४ या तारखेला अडखळलो. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन गावी मैलाची शर्यत झाली. आपल्या वर्तमानपत्राने ती कशी छापली असती? पहिला डायरॉल बर्लेसन, दुसरा अमुक, तिसरा तमुक, खाली साबणाची जाहिरात. पण आमच्या आकडेवेड्यांनी आठव्यापर्यंत सगळे लिहिले. आठव्या क्रमांकावर जिम रायन, कॅन्ससच्या विचिटा ईस्ट हायस्कूलचा विद्यार्थी, वेळ ३ मिनिटं ५९.० सेकंद. त्या शर्यतीत आठच्या आठ जणांनी चार मिनिटांच्या आत मैल काढला होता आणि आठवा आलेला शाळकरी मुलगा जगातला असा पहिला विद्यार्थी ठरला!

बॅनिस्टरने जे केलं त्याने जग हादरलं, आणि पुरती दहा-साडेदहा वर्षंही झाली नाहीत तोच एक दहावी-अकरावीतलं पोर तेच करून आठवं येतं. इतिहास त्या दिवशी आठव्या नंबरावर उभा होता आणि तो दिसला फक्त आठपर्यंत मोजणाऱ्यांना. मी चहा खाली ठेवला.

रायनची मागची नोंदही या मंडळींनी सोडलेली नाही. धाकट्या शाळेत त्याला कुठल्याच संघात घेत नसत. पुढे हायस्कुलात पळायला लागला तेव्हा पहिल्या मैलाला त्याला साडेपाच मिनिटांहून अधिक लागली. म्हणजे साधारण मी तलाठी कार्यालयाची वेळ संपत आल्यावर जसा पळतो, तसा. १९६५ साली त्याने ३ मिनिटं ५५.३ सेकंदांचा शालेय विक्रम केला आणि तो ३६ वर्षं टिकला. चार मिनिटांच्या आत मैल धावलेल्या शाळकरी मुलांच्या यादीत १९६६ साली टिम डॅनियलसन आणि १९६७ साली मार्टी लिक्वोरी अशी आणखी दोन नावं आली. यातली लिक्वोरीची गंमत पाहा. बेकर्सफील्डच्या ज्या शर्यतीत तो चार मिनिटांच्या आत आला त्याच शर्यतीत रायनने ३ मिनिटं ५१.१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. लिक्वोरी सातवा! एकेकाळचा आठवा आता पहिला आला होता आणि त्याच्या मागे सातव्या जागेवर नवा विद्यार्थी हजर होता.

त्यानंतर काय झालं? काही नाही. वर्ष गेलं, दहा वर्षं गेली, तीस गेली. यादीत तीनच नावं. चौथी ओळ कोरी. २००१ साली व्हर्जिनियाचा अ‍ॅलन वेब आला आणि चौथी ओळ भरली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने ३ मिनिटं ५३.४३ सेकंदांत मैल काढून रायनचा विक्रमही मोडला. त्या शर्यतीत तो कितवा आला म्हणता? पाचवा. आता या ३४ वर्षांत ती कोरी ओळ कोण सांभाळत होतं? सरकार नव्हे. आमचा हा पेन्सिलवाला. जे घडलं ते कुणीही लिहील. जे घडलं नाही त्याची जागा मोकळी ठेवून बसणं, हे फार थोड्यांना जमतं.

अचूकपणाबद्दल तर मी या लेखकांना साष्टांग नमस्कार घालतो. एकच उदाहरण देतो. अमेरिकन शाळांतून मैल जाऊन मीटर आले तेव्हा त्यांनी मैलाऐवजी १६०० मीटर धरले. ४०० मीटरच्या मैदानाच्या नेमक्या चार फेऱ्या. सोय झाली. पण मैल असतो १६०९.३४४ मीटरचा! म्हणजे नऊ मीटर चौतीस सेंटिमीटरची तूट. सामान्य माणूस म्हणेल, जाऊ द्या हो. पण हे लोक जाऊ देत नाहीत. १६०० मीटरला ३ मिनिटं ५९ सेकंद लावलेला मुलगा त्याच वेगाने मैल पळाला असता तर ४ मिनिटं ०.४ सेकंदांवर गेला असता, म्हणजे तो त्या पवित्र यादीत नाही, असा ते निकाल देतात. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हाताने खतावण्या लिहीत. एकदा चाळीस पैशांचा फरक येत होता. मी म्हटलं, "हे घ्या माझ्या खिशातले." हेडक्लार्कसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की रात्री पावणेनऊला ते चाळीस पैसे सापडेपर्यंत मी मान वर केली नाही. त्या साहेबांना या वाङ्मयाची खरी गोडी कळली असती.

शिवाय शाळांची रानोमाळ पळायची जी शर्यत असते, तिचा हिशेब मला इतका आवडला की मी तो बँकेत चौघांना समजावून सांगितला (चौघांनाही तातडीचं काम निघालं). संघात सात मुलं. पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे. पहिला आला त्याचा एक गुण, तिसावा आला त्याचे तीस. ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. कमीत कमी गुण मिळवणाऱ्याला ढाल! ही पद्धत माझ्या शाळेत असती तर आज माझी कहाणी वेगळी असती. आता यातली मेख पाहा. पहिला मुलगा कितीही वाऱ्यासारखा पळो, पाचवा मागे रेंगाळला की संघ बुडाला. सहाव्या-सातव्याचे गुण धरत नाहीत, पण ते समोरच्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले की त्याचा नंबर खाली ढकलतात. बासष्टाव्याचा बाप झाडाआड उभा राहून का मोजत होता, ते मला आत्ता उमगलं.

आता दोष. ते दाखवल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही आणि इथे दोष लहानही नाही.

छंद वाढला की त्याला महत्त्वाकांक्षा फुटते. न्यूयॉर्ककडचे मार्क ब्लूम रानोमाळ शर्यतींचं 'द हॅरियर' नावाचं पत्र काढत. १९८९ पासून ते देशातल्या सर्वोत्तम पंचवीस शालेय संघांची क्रमवारी लावू लागले. गंमत अशी की तेव्हा शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरतच नव्हती. एकट्यादुकट्या मुलांसाठी ती एका बूट-कंपनीने १९७९ साली सुरू केली होती. संघांचा राष्ट्रीय विजेता मात्र फक्त कागदावर. २००४ साली दुसऱ्या एका बूट-कंपनीने पोर्टलंडला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर संघांनाही खरोखर पळायला लावलं. आधी कुंडली मांडली, मग बाळ जन्माला आलं! एका माणसाच्या कागदी यादीतून देशभरातल्या मुलांना खरी शर्यत मिळाली, ही या छंदाची थोर कमाई. पण घोड्यांच्या मैदानावर मुलं आली, यात मला थोडं सूचकही काही दिसतं.

कारण नोंद वेगळी आणि क्रमवारी वेगळी. नोंद सांगते, हा मुलगा इतका पळाला. क्रमवारी हंगामाच्या आधीच सांगू लागते, हा मुलगा इतका पळेल. मग सोळा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे शेअरच्या भावासारखे बाण लागतात, आज वर, उद्या खाली. न्यूयॉर्क राज्यातली मेरी केन ही शाळकरी वयात सगळ्या याद्यांच्या शेंड्यावर होती. २०१३ साली, सतरा वर्षांची असताना, ती मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पळाली. यादीवाल्यांनी तिच्या पुढच्या दहा वर्षांचे विक्रम मनातल्या मनात लिहूनही टाकले असतील. २०१९ साली तिने जगासमोर सांगितलं की वजन कमी कर, आणखी कमी कर, या तगाद्यापायी तिचं शरीर आणि मन दोन्ही खचलं होतं. तो तगादा लावणारे यादीवाले नव्हते, हे खरं. पण मी पुडक्यातल्या सगळ्या याद्या पुन्हा चाळल्या. नाव, शाळा, राज्य, वेळ. पोर जेवतं का, झोपतं का, त्याला अजून पळावंसं वाटतं का, याचा रकाना कुठेच नाही.

आम्हा वाणिज्यवाल्यांना पहिल्याच वर्षी एक धडा देतात : न झालेला नफा जमा धरू नये. तोटा होईल असं वाटलं तर तरतूद करा, पण नफा हातात पडेपर्यंत वहीत लिहू नका. शाळकरी धावपटूंवर लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. पोर पळून आलं की जरूर लिहा; बासष्टावं आलं तरी लिहा. ते जे पळणार आहे, ते मात्र त्याचं त्याला ठेवू द्या.

परीक्षण इथे संपायला हवं. पण पुडकं बांधून ठेवताना एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगूनच टाकतो. नववीत असताना मी शाळेच्या पंधराशे मीटरला पळालो होतो. आश्चर्य वाटलं तरी खरं आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने तीन नावं लिहिली. त्यात मी नव्हतो. परवा फळा पुसला. वडील त्या दिवशी अर्धी रजा टाकून आले होते आणि तारेच्या कुंपणापाशी सायकल धरून उभे होते. घरी येताना मला पुढे दांडीवर बसवून म्हणाले, "सहावा आलास. शेवटच्या फेरीत तिघांना मागे टाकलंस." बस्स, एवढंच. आमच्या वडिलांनी जन्मात केलेली ती सर्वांत मोठी स्तुती.

आता वडील नाहीत. त्या शर्यतीत मी कितवा आलो, हे मोजणारा जगात तो एकच माणूस होता. बँकेत ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही असं धरतात. माझ्याकडे तर पावतीही नाही.

रात्रीच मावसभावाला फोन लावला. म्हटलं, "वाङ्मय उत्तम आहे. तू झाडाआड उभा राहत जा. फक्त पुढच्या वेळी कितवा येईल, ते त्याला सांगू नकोस."

मग घरखर्चाची डायरी काढली आणि त्या दिवसाच्या पानावर नीट लिहून ठेवलं : होल्मडेल पार्क, ६२.

सकाळी सौभाग्यवती डायरी घेऊन आल्या. "हे बासष्ट कसले? दूधवाल्याचे तर कालच दिले मी!"