न्यूयॉर्कमधील कॅलिफोर्निया-पायोनियरांचें मंडळ : एका पुरवणीचें परीक्षण

सॅम्युएल अपम यांचें केप हॉर्नमार्गें कॅलिफोर्नियास केलेल्या जलप्रवासाचें वर्णन फिलाडेल्फिया येथें १८७८ सालीं छापून निघालें. १८४९ च्या सुवर्णशोधाचा वृत्तान्त म्हणून संग्राहक तें जपतात. परंतु आमच्या मतें त्याची पुरवणी अधिक मोलाची आहे. सोन्यासाठीं पश्चिमेस जाऊन पूर्व किनाऱ्यास परतलेल्या पायोनियरांनीं, म्हणजे आद्य वसाहतकारांनीं, न्यूयॉर्क येथें १८७५ सालीं एक मंडळ स्थापिलें. त्याची नियमावली व सभासदांची यादी या पुरवणींत आहे. शेजारींच जुन्या आठवणीही छापल्या आहेत. हे दोन पुरावे एकाच तागडींत तोलूं नयेत.

यादी व नियम हे मंडळाचे समकालीन कागद होत. सभासद कोण, याविषयीं त्यांची साक्ष पहिल्या प्रतीची. आठवणी मात्र बखरीच्या जातीच्या. मंडळाचें नांवच पाहावें : ‘टेरिटरी’-काळांतील कॅलिफोर्नियाचे पायोनियर. मेक्सिकोशीं तह २ फेब्रुवारी १८४८ रोजीं झाला आणि ९ सप्टेंबर १८५० रोजीं कॅलिफोर्निया थेट घटक राज्य बनलें. काँग्रेसनें तेथें ‘टेरिटरी’ रीतसर कधीं स्थापिलीच नाहीं! ज्या काळाचें नांव मंडळानें धारण केलें, तो काळ कायद्याच्या दप्तरांत नाहीं.

तिथीचीही तीच गत. सोनें शोधणाऱ्या जेम्स मार्शल यांस पुढें १८ ते २० जानेवारी अशा अनिश्चित तारखा आठवत, व १९ तारीख रूढ झाली. सटर यांच्या गिरणीवर काम करणाऱ्या हेन्री बिग्लर यांच्या रोजनिशींत मात्र ती नोंद २४ जानेवारी १८४८ ची निघाली. शोधकर्त्याच्या स्मृतीहून मजुराची त्रोटक नोंद बलवत्तर ठरली.

म्हणून आठवणी टाकाऊ, असें नव्हे. परतलेल्या माणसांनीं आपला भूतकाळ कसा रचला, हें त्याच सांगतात. ती गिरणी जेथें होती तें कोलोमा निसेनान लोकांच्या भूमींत होतें. ‘पायोनियर’ या शब्दांत त्यांस स्थान नाहीं, हीही एक साक्षच.

स्वतः अपम यांनीं १८६२ सालीं दक्षिणेच्या फुटीर सरकारच्या नोटांच्या प्रतिकृती छापून विकल्या होत्या. कागदाचें रूप आणि त्याची अस्सलता यांतील भेद त्यांच्या ग्रंथाच्या संग्राहकांनीं तरी विसरूं नये. आणि पुन्हां बांधणी करतांना पुरवणी गाळूं नये.